क्लेमंट ॲटली: कारकीर्द आणि वारसा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा ज्यांच्या सरकारने केला, त्या ब्रिटिश पंतप्रधानांची ओळख आपल्याकडे बहुतेकदा स्पर्धा परीक्षेच्या एका ओळीत संपते. त्या एका ओळीमुळे गैरसमजही बरेच झाले आहेत. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

ॲटली नेमके कोण?

क्लेमंट रिचर्ड ॲटली यांचा जन्म 3 जानेवारी 1883 रोजी लंडनमधल्या पटनी भागात झाला आणि मृत्यू 8 ऑक्टोबर 1967 रोजी. मजूर पक्षाचे नेतेपद त्यांनी 1935 ते 1955 अशी सलग वीस वर्षे सांभाळले. 26 जुलै 1945 ते 26 ऑक्टोबर 1951 या काळात ते पंतप्रधान होते. हाउस ऑफ कॉमन्समध्ये स्पष्ट बहुमत मिळवणारे मजूर पक्षाचे पहिले सरकार त्यांचेच. त्याआधी रॅम्से मॅक्डोनल्ड दोनदा मजूर पक्षाचे पंतप्रधान झाले, पण दोन्ही वेळा सरकार अल्पमतातले होते.

खाऊनपिऊन सुखी घरातला हा मुलगा समाजवादाकडे कसा वळला?

वडील लंडनमधले नावाजलेले सॉलिसिटर. शिक्षण हेलीबरी शाळेत आणि मग ऑक्सफर्डला. ईस्ट इंडिया कंपनी आपले अधिकारी जिथे घडवत असे, त्याच जुन्या महाविद्यालयाच्या आवारात ही शाळा भरते. म्हणजे हिंदुस्थानशी त्यांचा पहिला संबंध साम्राज्याच्याच बाजूने आला.

वळण मिळाले ते पूर्व लंडनमधल्या स्टेपनीत. गरीब मुलांसाठी हेलीबरी शाळा तिथे एक क्लब चालवत असे. ॲटली तिथे आधी अधूनमधून जात, मग तिथेच राहून क्लब चालवू लागले. गोदीत रोज सकाळी काम मिळेल की नाही याची खात्री नसलेली माणसे, घरातल्या घरात तुटपुंज्या मजुरीवर शिवणकाम करणाऱ्या बायका, बूट नसलेली मुले हे त्यांनी रोज पाहिले. दानधर्माने हे सुटणार नाही, कायदा आणि यंत्रणा बदलावी लागेल, अशी त्यांची खात्री झाली आणि 1908 मध्ये ते ब्रिटनमधल्या स्वतंत्र मजूर पक्षात (इंडिपेंडंट लेबर पार्टी) गेले. वकिली मागे पडली.

पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला लढले. तिथल्या सुव्हला इथून सैन्य मागे घेतले तेव्हा सर्वांत शेवटी निघालेल्यांत ते होते. 1916 मध्ये मेसोपोटेमियात (आजचा इराक) ते जखमी झाले. पुढे बरीच वर्षे लोक त्यांना ‘मेजर ॲटली’ म्हणत. 1919 मध्ये ते स्टेपनीचे महापौर झाले आणि 1922 मध्ये शेजारच्या लाइमहाउसमधून खासदार.

ज्या सायमन आयोगाला आपण ‘परत जा’ म्हटले, त्यात ॲटली होते हे खरे का?

खरे आहे. सात सदस्यांच्या त्या आयोगात मजूर पक्षाचे दोन खासदार होते, त्यांतले एक ॲटली. आयोग 3 फेब्रुवारी 1928 रोजी मुंबईत उतरला तेव्हा काळ्या निशाणांनी त्याचे स्वागत झाले. एकही भारतीय सदस्य नसल्याने बहिष्कार योग्यच होता. तरी त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर 1928 मध्ये पुण्यात याच आयोगापुढे साक्ष दिली आणि अस्पृश्य वर्गाच्या राजकीय हक्कांची मागणी नोंदवली.

आयोगाचा अहवाल राजकारणात मागे पडला, पण त्या दोन दौऱ्यांतून ॲटलींना प्रांत, संस्थाने आणि जातीय प्रतिनिधित्वाचा गुंता प्रत्यक्ष कळला. 1945 मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा हिंदुस्थानच्या घटनात्मक प्रश्नाचा इतका अभ्यास असलेला दुसरा माणूस त्या पदावर याआधी क्वचितच बसला होता.

पक्षाचे नेतेपद नशिबाने मिळाले का?

सुरुवात नशिबाने झाली. 1931 च्या निवडणुकीत मजूर पक्ष 52 जागांवर आला आणि बडे नेते पडले. ॲटली थोडक्या मतांनी वाचले आणि उपनेते झाले. जॉर्ज लॅन्सबरी यांनी 1935 मध्ये राजीनामा दिल्यावर तात्पुरते नेतेपद त्यांच्याकडे आले. निवडणुकीनंतर मात्र रीतसर मतदान झाले आणि शेवटच्या फेरीत त्यांनी हर्बर्ट मॉरिसन यांना 88 विरुद्ध 48 मतांनी हरवले. नशीब वीस वर्षे पुरत नाही.

युद्धकाळात ते काय करत होते?

मे 1940 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करायला मजूर पक्षाने नकार दिला आणि चर्चिल यांचा मार्ग मोकळा झाला. पाच जणांच्या युद्ध मंत्रिमंडळात ॲटली आणि आर्थर ग्रीनवुड होते. मेच्या अखेरीस इटलीमार्फत तडजोडीची बोलणी करावी का, हा प्रश्न आला तेव्हा हे दोघे लढत राहण्याच्या बाजूने, म्हणजे चर्चिल यांच्या बाजूने, उभे राहिले. 1942 पासून ते अधिकृत उपपंतप्रधान होते. चर्चिल परदेशी असताना मंत्रिमंडळाच्या बैठका तेच चालवत. देशांतर्गत कारभाराच्या समित्यांवर मजूर पक्षाच्या मंत्र्यांचा हात बसला तो याच काळात.

युद्ध जिंकलेले चर्चिल 1945 मध्ये हरले कसे?

लोकांना 1918 नंतरची बेकारी आठवत होती. युद्धात सरकार सगळ्यांना काम आणि शिधा देऊ शकते, तर शांततेत का नाही, असा सरळ प्रश्न होता. विल्यम बेव्हरिज यांच्या सामाजिक विम्यावरच्या 1942 च्या अहवालाने त्याला आकार दिला होता. अभाव, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी असे पाच राक्षस त्यात मांडले होते. त्यातच चर्चिल यांनी रेडिओवर सांगितले की समाजवादी सरकारला नाझींच्या गुप्त पोलिसांसारख्या, म्हणजे गेस्टापोसारख्या, यंत्रणेचा आधार घ्यावा लागेल. कालपर्यंत शेजारी बसून युद्ध चालवणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल हे बोलणे लोकांना रुचले नाही.

मतदान 5 जुलैला झाले. जगभर पसरलेल्या सैनिकांची मते यायची म्हणून मोजणी 26 जुलैला झाली. मजूर पक्षाला 640 पैकी 393 जागा मिळाल्या. विजेत्या राष्ट्रांची जर्मनीतली पॉट्सडॅम परिषद मध्यावर होती. चर्चिल निकालासाठी मायदेशी आले, आणि परत गेले ते ॲटली.

बेव्हिन आणि बेव्हन एकच का?

नाही. मराठी लेखनात ही गल्लत फार होते. अर्नेस्ट बेव्हिन हे कामगार संघटनेतून वर आलेले परराष्ट्रमंत्री आणि ॲटलींचे सर्वांत भक्कम पाठीराखे. अनायरिन बेव्हन हे वेल्समधल्या खाणकामगाराचे पुत्र, आरोग्यमंत्री, पक्षातल्या डाव्या गटाचे. आरोग्य सेवा बेव्हन यांची, नाटो करार बेव्हिन यांचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

राष्ट्रीय आरोग्य सेवा प्रत्यक्षात कशी उभी केली?

आधी काय होते ते पाहू. 1911 च्या विमा कायद्याने कमी पगाराच्या कामगाराला डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोमुलांना नाही. रुग्णालये दोन प्रकारची होती. काही देणग्यांवर चालत, काही नगरपालिकांकडे होती. देणग्यांवरची बहुतेक डबघाईला आली होती.

बेव्हन यांनी इंग्लंड आणि वेल्समधली 2,688 रुग्णालये सरकारच्या मालकीची करायचे ठरवले. मॉरिसन यांना ती स्थानिक संस्थांकडेच हवी होती. मंत्रिमंडळात यावर जोरदार वाद झाला आणि ॲटलींनी बेव्हन यांच्या बाजूने कौल दिला. कायदा 1946 मध्ये झाला, पण सेवा सुरू करायची तारीख 5 जुलै 1948 ठेवली. मधली वर्षे विभागीय मंडळे नेमणे, शिक्षण देणाऱ्या मोठ्या रुग्णालयांची वेगळी व्यवस्था लावणे आणि डॉक्टरांची मनधरणी यांत गेली.

अडचण डॉक्टरांचीच होती. फेब्रुवारी 1948 मधल्या त्यांच्या मतदानात दहापैकी जवळपास नऊ जण विरोधात गेले. तोडगा दोन भागांत निघाला. रुग्णालयातल्या तज्ज्ञांना चांगले मानधन आणि त्याच रुग्णालयात खासगी रुग्ण पाहण्याची मुभा दिली. वस्तीतल्या डॉक्टरांना पगारी नोकर न करता नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे ठरावीक रक्कम द्यायचे ठरले, आणि पुढे कोणी गुपचूप पगारी सेवा लादणार नाही अशी कायदेशीर हमी दिली. विरोध वितळला.

उपचाराच्या वेळी पैसे मागायचे नाहीत, हे मूळ तत्त्व. खर्च प्रामुख्याने सर्वसाधारण करांतून होतो, विमा हप्त्यातून फक्त थोडा भाग येतो. अंदाज चुकला तो मागणीचा. वर्षानुवर्षे चष्मा आणि दातांवाचून दिवस काढलेली माणसे पहिल्याच वर्षी रांगेत आली. लोक उधळपट्टी करतात असे तेव्हाही म्हटले गेले. आम्हाला त्यात साठून राहिलेली गरज दिसते.

आरोग्य सेवेच्याच दिवशी सुरू झालेला राष्ट्रीय विमा काय होता?

त्या काळी एका पौंडाचे 20 शिलिंग आणि एका शिलिंगाचे 12 पेन्स होत. नोकरदार पुरुषाने आठवड्याला 4 शिलिंग 11 पेन्स भरायचे, मालकाने आपला वाटा घालायचा आणि दोन्ही मिळून कार्डावर तिकीट चिकटवायचे. त्या बदल्यात आजारपण, बेकारी किंवा म्हातारपणात एकट्या माणसाला आठवड्याला 26 शिलिंग मिळत. श्रीमंत असो की गरीब, हप्ता एकच आणि लाभही एकच.

दोष इथेच होता. हप्ता सर्वांत गरिबाला परवडेल एवढाच ठेवावा लागला, त्यामुळे लाभही जेमतेम राहिला. घरभाडे जास्त असलेल्यांना 26 शिलिंग पुरत नसत आणि त्यांना उत्पन्न तपासून मिळणाऱ्या वेगळ्या साहाय्याकडे जावे लागे. बेव्हरिज यांना हे साहाय्य अपवाद म्हणून हवे होते. ते कायमचे होऊन बसले.

राष्ट्रीयीकरण कशाकशाचे झाले?

1946 मध्ये बँक ऑफ इंग्लंड, 1 जानेवारी 1947 ला कोळसा, 1 जानेवारी 1948 ला रेल्वे, त्याच वर्षी वीज, 1949 मध्ये गॅस आणि 1951 मध्ये पोलाद. मालकांना भरपाई दिली गेली. कोळशाच्या दिवशी खाणीखाणींवर पाट्या लागल्या की ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवते. आतला कारभार मात्र सरकारनियुक्त मंडळाकडे गेला आणि पुष्कळ जागी व्यवस्थापक तेच राहिले. कामगाराला निर्णयात वाटा मिळाला नाही, ही त्या रचनेची खरी उणीव. पोलाद पुढच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या सरकारने लवकरच परत विकायला काढले. बाकीचे बहुतेक 1980 नंतर विकले गेले.

1947 हे वर्ष इतके वाईट का मानतात?

कोळशाचे साठे आधीच कमी होते आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत कडाक्याचा हिमवर्षाव झाला. खाणीतून निघालेला कोळसा वाघिणींतच अडकला. फेब्रुवारीत मोठ्या भागातल्या कारखान्यांची वीज तोडली, घरांना दिवसा काही तास वीज नसे आणि तात्पुरती बेकारी वीस लाखांवर गेली.

त्यात तिजोरी रिकामी. युद्ध संपताच अमेरिकेने उधारीवरचा पुरवठा थांबवला होता. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी 375 कोटी डॉलरचे कर्ज 2 टक्के व्याजाने आणले, पण अट अशी की पौंड डॉलरमध्ये मोकळेपणाने बदलून द्यायचा. 15 जुलै 1947 ला ती अट लागू झाली, डॉलर भराभर बाहेर गेले आणि 20 ऑगस्टला बदल थांबवावा लागला. या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर 2006 मध्ये फेडला.

युद्धातही ज्यावर रेशन नव्हते त्या पावावर जुलै 1946 ते जुलै 1948 रेशन होते. सप्टेंबर 1949 मध्ये पौंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणला. पाठोपाठ भारतानेही रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन्ही देशांतला तागाचा व्यापार कोलमडला.

भारत सोडण्याची तारीख ॲटलींनी का जाहीर केली?

सत्तांतराचा तोडगा शोधायला भारतात आलेल्या ब्रिटिश मंत्र्यांच्या कॅबिनेट मिशनची 16 मे 1946 ची योजना काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी आपापल्या अर्थाने वाचली आणि ती फसली. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तली झाल्या. व्हाइसरॉय वेव्हेल टप्प्याटप्प्याने माघारीचा लष्करी आराखडा पुढे करत होते. ॲटलींना तो पळ काढल्यासारखा वाटला. तारीख बांधून दिली तर दोन्ही पक्षांना तडजोड करावी लागेल, असा त्यांचा हिशेब होता. 20 फेब्रुवारी 1947 रोजी त्यांनी कॉमन्समध्ये सांगितले की जून 1948 पर्यंत सत्ता सोपवली जाईल आणि वेव्हेल यांच्या जागी माउंटबॅटन जातील.

या तारखेच्या आजूबाजूला पाहावे. 18 फेब्रुवारीला पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवल्याचे जाहीर झाले. 21 फेब्रुवारीला ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च यापुढे झेपणार नाही असे अमेरिकेला कळवले. लंडनमध्ये तेव्हा दिवसा काही तास वीज नसे. म्हणून ‘ॲटलींनी उदारपणे स्वातंत्र्य दिले’ हे जितके अपुरे, तितकेच ‘त्यांना भारताशी देणेघेणे नव्हते’ हेही चूक. स्वराज्य द्यायचे हे त्यांचे मत बरेच जुने होते. घाई परिस्थितीने लावली.

मग 15 ऑगस्ट कोणी ठरवला?

माउंटबॅटन यांनी. 3 जूनच्या योजनेनंतर दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत त्यांनी ही तारीख सांगितली. ॲटलींनी ती मान्य केली आणि विधेयक 4 जुलैला मांडून 18 जुलैला राजाची संमती मिळवली.

आमच्या मते ॲटलींच्या कारकिर्दीचे कोडे इथेच आहे. आरोग्य सेवेला तारीख दिली तेव्हा कायदा आणि अंमल यांत दीड वर्षाहून अधिक तयारी होती. पंजाब आणि बंगालच्या सीमा आखायला रॅडक्लिफ 8 जुलैला आले. त्यांना पाच आठवडे मिळाले आणि रेषा 17 ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर, प्रसिद्ध झाली. एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली आणि लाखो मारली गेली. तारीख पुढे आणण्याची कल्पना माउंटबॅटन यांची असली, तरी होकार पंतप्रधानांचा होता.

मुंबईतल्या नाविकांच्या उठावामुळे कॅबिनेट मिशन आले का?

असा समज होण्याचे कारण तारखा. ‘तलवार’ या नाविक तळावर उठाव 18 फेब्रुवारी 1946 ला सुरू झाला आणि मिशनची घोषणा 19 फेब्रुवारीला झाली. पण मिशन पाठवायचे मंत्रिमंडळाने जानेवारीतच ठरवले होते. उठावाचा परिणाम पुढचा आहे. सैन्याच्या निष्ठेवर आता विसंबता येत नाही, ही लंडनची धास्ती त्याने पक्की केली.

‘गांधीजींचा परिणाम किरकोळ, खरे कारण आझाद हिंद सेना’ असे ॲटली म्हणाले होते का?

हे विधान समाजमाध्यमांवर सतत फिरते. त्याचा आधार एकच आहे. ॲटली 1956 मध्ये भारतात आले तेव्हा पश्चिम बंगालचे कार्यवाहक राज्यपाल असलेले न्यायमूर्ती फणिभूषण चक्रवर्ती यांनी त्यांच्याशी झालेले बोलणे वीस वर्षांनी, 1976 मध्ये, एका पत्रात लिहिले. चक्रवर्ती जबाबदार पदावरचे होते, म्हणून ते पत्र झटकून टाकू नये. पण ती एका बाजूची आठवण आहे. ‘ॲटलींनी संसदेत कबुली दिली’ असे लिहिणे निखालस चूक.

अणुबॉम्बचा निर्णय त्यांचाच का?

होय. जानेवारी 1947 मध्ये मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त समितीने बॉम्ब बनवायचे ठरवले; पूर्ण मंत्रिमंडळापुढे विषय आलाच नाही. सामुदायिक जबाबदारी मानणाऱ्या नेत्याकडून हे अपेक्षित नव्हते आणि आम्हाला ते खटकते.

इतके करून 1951 मध्ये सत्ता का गेली?

1950 च्या निवडणुकीत बहुमत अवघ्या 5 जागांवर आले. कोरियाच्या युद्धासाठी तीन वर्षांत 470 कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेतला. पैसे उभे करायला अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावले. बेव्हन, हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी राजीनामे दिले. ॲटली त्या वेळी रुग्णालयात होते. एरवी असली भांडणे ते वेळीच मिटवत.

ऑक्टोबर 1951 मध्ये मजूर पक्षाला 48.8 टक्के आणि हुजूर पक्षाला 48 टक्के मते मिळाली, पण जागा 295 विरुद्ध 321. मजूर पक्षाची मते खाणपट्ट्यांतल्या बालेकिल्ल्यांत साचली होती.

त्यांची काम करण्याची पद्धत कशी होती?

बैठक लांबवायची नाही. कागद वाचून यायचे, मंत्र्याने तो परत वाचून दाखवायचा नाही. ॲटली बहुधा आपले मत आधी सांगत नसत. सगळ्यांचे ऐकून दोन वाक्यांत निष्कर्ष काढत. पक्षाचे अध्यक्ष हॅरॉल्ड लास्की सतत जाहीर विधाने करू लागले तेव्हा त्यांना पत्रातून कळवले की आपण काही काळ गप्प राहिलात तर बरे होईल. प्रचाराला ते घरच्या मोटारीने फिरत आणि गाडी पत्नी व्हायोलेट चालवत. क्रिकेटचे धावफलक कळावेत म्हणून पंतप्रधान निवासात बातम्यांचे यंत्र बसवू दिले, एवढाच शौक.

आज त्यांचे काय शिल्लक आहे?

आरोग्य सेवा, पहिल्यांदा स्टेव्हनेज इथे वसवलेली नवी गावे, 1949 च्या कायद्याने आलेली राष्ट्रीय उद्याने आणि गरिबांना कायदेशीर मदत. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा मार्ग खुला ठेवला; पुढच्या दशकांत तिथल्या रुग्णालयांत गेलेल्या भारतीय डॉक्टरांमागे हा कायदा आणि ती सेवा दोन्ही आहेत. प्रजासत्ताक होऊनही भारत राष्ट्रकुलात राहू शकतो, हे सूत्र एप्रिल 1949 मध्ये त्यांच्याच काळात लंडनला ठरले. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या 139 अभ्यासकांनी विसाव्या शतकातल्या पंतप्रधानांत त्यांना पहिला क्रमांक दिला.

लंडनला गेल्यावर त्यांच्याशी निगडित काय पाहता येईल?

वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या अस्थी आहेत. अल्डगेट ईस्ट स्थानकाजवळ टॉयन्बी हॉल ही गरीब वस्तीत काम करणारी संस्था आहे, तिथे ते काही काळ सचिव होते. लाइमहाउसच्या वाचनालयासमोरचा त्यांचा पुतळा आता माइल एंडला क्वीन मेरी विद्यापीठाच्या आवारात आहे. वेळ कमी असेल तर शेवटच्या दोन जागा निवडा. पूर्व लंडनमधल्या त्या गल्ल्यांतून चालत गेले की स्टेपनी त्यांच्या किती जवळ होते ते कळते.